ईदसाठी लाकडी चांदतारे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



ईदपूर्वी आपल्या मुलामुलींनी कार्यानुभवाच्या तासाला प्लायवूडचे चांदतारे, फानूस आणि ‘ईद मुबारक’च्या पाट्या कापल्या. दारावर टांगलेल्या त्या वस्तू आपण आत येताना पाहिल्याच असतील. त्या पाहून एका पालकांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, “सर, आम्ही पोटाला चिमटा घेऊन फी भरतो, ती मुलाला सुतार करण्यासाठी का?” प्रश्न प्रामाणिक होता. तेथल्या तेथे मी उत्तर दिले नाही. आज सर्वांसमोर देतो, कारण हाच प्रश्न एकदा माझ्याही मनात होता.

माझे वडील सुतारकाम करीत. आठवीत असताना शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘व्यापार’ असे लिहिले. सहीसाठी फॉर्म न्यावा लागला त्यांच्याकडेच. त्यांनी तो सावकाश वाचला, सही केली आणि पुन्हा रंधा हातात घेतला. एक शब्द बोलले नाहीत. त्याच वर्षी मी भूमितीत नापास झालो. आणि त्याच वर्षी एका खिडकीच्या जाळीसाठी त्यांनी दोरी, खिळा आणि खडू एवढ्यावर फळीवर आठ टोकांचा तारा काढला, तो मी शेजारी उभा राहून पाहिला होता. एक चौकोन काढायचा, दुसरा तेवढाच चौकोन त्याच मध्यावर पंचेचाळीस अंशांनी फिरवून ठेवायचा, की झाला तारा. आपला मुलगा ज्या विषयात नापास झाला तोच विषय आपण फळीवर सोडवीत आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

आता मुलांनो, प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपल्याकडे दोन प्रकारच्या करवती आहेत. एक हाताची फ्रेटसॉ. कमानीसारखी लोखंडी चौकट आणि तिच्या दोन टोकांत आवळलेले दोऱ्यासारखे बारीक पाते. दुसरी विजेवरची स्क्रोल सॉ. तिच्यातही तसेच पाते वरखाली चालते. फरक इतकाच की तेथे करवत जागेवर राहते आणि लाकूड आपण फिरवतो. दोन्हींत पात्याचे दाते खाली तोंड करून बसवायचे. उलटे बसवले तर पाते लाकूड कापण्याऐवजी उचलू लागते. ताण बरोबर बसला की नाही ते बोटाने छेडून पाहावे. तारेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे. ढिले पाते रेषा सोडून वाकडे पळते.

चांद कापणे फार सोपे वाटते, पण पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाला चांद काही जमला नाही. पाच सेंटिमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ काढा. त्यात चार सेंटिमीटर त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढायचे, पण मध्यबिंदू दीड सेंटिमीटर बाजूला सरकवून. म्हणजे चांद पाठीशी अडीच सेंटिमीटर जाड राहतो आणि पुढे त्याचे तोंड उघडते. ज्यांनी मध्यबिंदू एकाच सेंटिमीटरने सरकवला, त्यांची वर्तुळे एका बिंदूत नुसती टेकली. तोंड उघडलेच नाही. त्याहूनही कमी सरकवणाऱ्यांच्या हाती बांगडी आली! एकमेकांना आतून स्पर्श करणारी वर्तुळे म्हणजे काय, हे त्या मुलांना आता जन्मात सांगावे लागणार नाही.

चार मिलिमीटरचे प्लायवूड आम्ही घेतो ते स्वस्त आहे म्हणूनच नव्हे. साध्या फळीचे धागे एकाच दिशेने जातात, त्यामुळे चांदाचे एखादे टोक धाग्याला आडवे आले की पटकन तुटते. प्लायवूडमध्ये एका थराचे धागे उभे, तर दुसऱ्याचे आडवे असतात, म्हणून टोके टिकतात.

जाळी कापताना आधी आतली भोके घ्यावीत आणि बाहेरची कड शेवटी, कारण तोवर धरायला हाताशी लाकूड राहते. बारीक गिरमिटाने छिद्र पाडा, पात्याचे एक टोक सोडवून त्यातून ओवा, पुन्हा आवळा, कापा, पुन्हा सोडवा. वीस भोकांची जाळी असेल तर हे वीस वेळा. येथे घाईचा स्वभाव उघडा पडतो.

पण सर्वांत अवघड गेल्या त्या ‘ईद मुबारक’च्या पाट्या. देवनागरीतली पाटी एका मुलीने चौकटीशिवाय अखंड कापली. प्रत्येक अक्षर शिरोरेषेला लटकलेले, त्यामुळे एकही तुकडा सुटला नाही. दुसऱ्या गटाने तेच उर्दूत लिहिले आणि कापताच खाली पडले ते नुक्ते! ‘ये’चे दोन आणि ‘बे’चा एक. शिवाय ‘रे’ आणि ‘काफ’ वेगळे झाले. रडकुंडीला आलेल्या त्या मुलांना मी उत्तर सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नवे चित्र आणले. खाली एक वेलीची रेघ काढून सगळी अक्षरे तिच्यावर बसवली होती आणि नुक्ते पानांसारखे त्याच वेलीला जोडले होते. अहमदाबादेच्या सिदी सय्यद मशिदीतली, १५७२-७३ सालची दगडी जाळी तुम्ही कधी पाहाल तेव्हा हेच शोधा. झाडाची प्रत्येक फांदी कोठे ना कोठे दुसऱ्या फांदीला किंवा चौकटीला टेकलेली आहे. तसे नसते तर तो दगड उभा राहिला नसता.

कोणी म्हणेल, हल्ली लेसर यंत्र हेच काम काही मिनिटांत करते. खरे आहे, आणि उद्या आपण तेही घेऊ. पण सुटा नुक्ता लेसरखालीही सुटाच पडतो. तो कशाला जोडायचा, हे चित्र काढणाऱ्यालाच ठरवावे लागते.

तेव्हा त्या पालकांना माझे उत्तर असे: आपला मुलगा डॉक्टर होईल की सुतार, हे मी सांगू शकत नाही. तो डॉक्टर झाला तर ही बोटे तेथेही कामाला येतील. सुतार झाला तर आपण लाजू नये, एवढीच विनंती आहे. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत, असे आपण मुलांना शिकवतो आणि सुताराच्या घरून सोयरीक आली की चौकशी न करताच नकार देतो. माझा तो फॉर्म दुरुस्त करायचे मनात होते. ते राहून गेले. वडील आता नाहीत.

येत्या शनिवारपासून पालकांसाठीही एक टेबल मांडले आहे. मातांनीही यावे, मात्र दुपट्टा किंवा पदर नीट खोचून, सैल बाह्या वर करून. पोरांनी अंगठ्या आणि हातातले दोरे काढून ठेवावेत. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला रुमाल हवा, कारण लाकडाचा भुसा छातीत जातो. बोट पात्याच्या समोर कधीच नको, नेहमी बाजूला. पॉलिश पेपर आणि प्लायवूड शाळेकडून मिळेल. पाती मात्र प्रत्येकाने आपली आणावीत. ती डझनाच्या हिशेबाने घ्या. पहिल्या दिवशी निम्मी मोडतात, माझीही मोडली होती.