हवेचा हिशेब



उद्याची हवा आज गणिताने सांगता येते. त्या गणिताचा पहिला मोठा प्रयत्न युद्धभूमीवर झाला. लुईस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज शास्त्रज्ञ क्वेकर पंथाचे. त्यांनी बंदूक धरली नाही; पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ते जखमींची गाडी हाकीत. फावल्या वेळी गवताच्या ढिगावर बसून त्यांनी २० मे १९१० या दिवशीच्या मध्य युरोपातील हवेचा सहा तासांचा हिशेब हाताने मांडला. उत्तर आले, हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता! पुढे कळले की रीत बरोबर होती. मूळ नोंदींतली खोट हिशेबात फुगली. ही फजिती त्यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात लपवली नाही, छापली.

त्याच ग्रंथात एक स्वप्न आहे. एका प्रचंड गोल दिवाणखान्यात ६४,००० काँप्युटर बसले आहेत. तेव्हा काँप्युटर म्हणजे यंत्र नव्हे, आकडेमोड करणारा माणूस. आणि बाहेर? मैदाने, घरे, डोंगर, तळी! हवेचा हिशेब करणाऱ्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून. खात्यात एक खिडकी पाडून घ्यायला आम्हांला तीन वर्षे भांडावे लागले होते, महाराज. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो.

१९५० साली अमेरिकेत एनिॲक यंत्राने चोवीस तासांचा अंदाज काढला. त्याला सुमारे चोवीसच तास लागले. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्का’ हा महासंगणक आला. असली यंत्रे तापतात, त्यांना गारवा लागतो. तो पहिल्या दिवसापासून मिळतो. अर्ज करावा लागत नाही.