थांबलेला गळा

भाकरी थापता थापता ऐकत असाल तरी चालेल.

परवा इस्लामपुरात आमच्या गटाची बैठक झाली. बचतीचा हिशेब संपल्यावर एकीनं मोबाईलवर कोकणी गाणं लावलं. नाव ‘बेबदो’, म्हणजे दारुडा. अर्थ कळल्यावर आम्ही सगळ्या हसलो. गोव्यातही आपल्यासारखंच म्हणायचं!

गाणारी होती लोर्ना कोर्देरो. जन्म १९४६ चा, गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत वाढलेली. विशी गाठायच्या आधीच ती ख्रिस पेरी यांच्या बँडमध्ये गाऊ लागली. पेरी मडगावचे, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवायचे. चर्चगेटच्या हॉटेलांत दोघं जॅझ रंगवत. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. गाणं जुनंच, सगळ्यांच्या ओळखीचं; पण गाणारी ते दर वेळी थोडं वेगळं वळवते आणि वाजवणारा तिला साथ देत मागोमाग जातो. आपल्या भजनात बुवा एकच अभंग घोळवतात आणि पेटीवाला सांभाळून घेतो, तसंच.

पुढं पेरींनी याच ढंगात कोकणी गाणी रचली, लोर्नानं गायली. रेकॉर्डी घरोघरी वाजल्या. लोक तिला गोव्याची कोकिळा म्हणू लागले.

मग दोघांचं एकत्र काम थांबलं. पेरी वाजवत राहिले. लोर्नाचं जाहीर गाणं मात्र बंद झालं, ते कित्येक वर्षं. १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात या वादकानं तिला पुन्हा गायला तयार केलं. ती गोव्यात मंचावर आली, तेव्हा लोक तिला विसरले नव्हते.

हे ऐकून बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग एकेक बोलू लागली. कुणी माहेरी भजनात पुढं गायची, कुणी शाळेत. लग्नानंतर कुणी ‘गाऊ नको’ म्हटलं नाही, पण ‘गा’ असंही कुणी म्हटलं नाही. गळा तसाच राहून गेला.

म्हणून आम्ही ठरवलंय, हिशेबानंतर दहा मिनिटं गाण्याची. पेटी नसली तर टाळ्यांवर. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर भरून घ्यायच्या आणि प्रत्येक ओवीआधी गाणारीचं नाव बोलायचं.

तुमच्या गटातही एखादी गप्प बसलेली गाणारी असेल. पुढच्या बैठकीत तिला एवढंच म्हणा, “बाई, तू सुरू कर, आम्ही मागं म्हणतो.”