लंगडत चालणाऱ्यालाही काम असते

(वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात केलेले भाषण)



देवाने आजारातून कसे सोडवले, याची साक्ष द्यावी असे मला सांगण्यात आले. पण माझा आजार गेलेला नाही. तो माझ्या रक्तात आहे आणि मरेपर्यंत राहील. म्हणून मी बरी कशी झाले हे सांगणार नाही. आजार सोबत असताना कामाला कशी लागले, तेवढे सांगते.

मी सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातली, पावरा समाजाची. आमचे पाडे डोंगरावर विखुरलेले. पाण्याला जायचे तर उतरण, परत यायचे तर चढण. शाळेसाठी मी मिशनच्या वसतिगृहात आले, तेव्हा खेळाच्या सरांनी मला मैदानावर पळताना पाहिले. त्यांनी वर्गात कविता राऊत यांचा फोटो लावला होता. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. सर म्हणायचे, "तिचा पाडा आणि तुझा पाडा सारखाच आहे बघ." एवढ्या एका वाक्यावर मी रोज पहाटे उठत होते.

२०१४ साली मी पंधरा वर्षांची होते. १५०० मीटरमध्ये प्रकल्पस्तरावर पहिली आले, विभागात दुसरी. त्या हिवाळ्यात सराव झाला की हातपाय आणि पाठ ठणकायची. पळून दुखणारे अंग वेगळे आणि हे वेगळे. हाडाच्या आतून कोणी कुटते आहे असे वाटायचे. डोळे पिवळे दिसायचे. घरी गेले तेव्हा कावीळ समजून बडव्याकडे नेले. वसतिगृहात परत आल्यावर मावशींनी मिशन दवाखान्यात नेले. रक्ताची तपासणी झाली आणि सिकलसेल निघाला. वाहक नव्हे, रुग्ण.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, म्हणून बारीक नसांतून सहज जातात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि नसांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोहोचत नाही, आणि कळा सुरू होतात. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, अति दमणे यांनी त्या वाढतात. म्हणजे धावपटूला जे रोज करावे लागते, त्यातले बरेचसे.

तरी मला वाटत होते, गोळ्या घेऊन पळता येईल. पुढच्या वर्षी उजवा खुबा दुखू लागला. मांडीच्या हाडाचे जे गोल टोक खुब्यात बसते, त्याला रक्त न मिळाल्याने ते झिजत चालले होते. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि हळू आवाजात सांगितले, "आता स्पर्धा नाही." माझी आई माझ्याकडे पाहत राहिली. तिला मराठी नीट कळत नव्हते. ते वाक्य तिला आमच्या भाषेत मलाच सांगावे लागले.

त्यानंतर पुष्कळ लोक भेटायला आले. कोणी म्हणाले, देवाची याहून मोठी योजना असेल. कोणी म्हणाले, विश्वास कमी पडला. पाड्यावर म्हणाले, पूर्वजांचा कोप आहे. सगळ्यांचे मन चांगले होते, पण सोळा वर्षांच्या मुलीला त्यातले एकही उत्तर उचलून घरी नेता येत नव्हते. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाबद्दल शिष्यांनीही विचारले होते की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले, आणि मग त्या माणसासाठी काम केले. मला त्या काळात कारण सांगणारे खूप मिळाले. काम देणारी एकच व्यक्ती मिळाली.

ती म्हणजे मिशन दवाखान्यातल्या सिस्टर. त्या केरळच्या. पाड्यांवर तपासणी शिबिरे घेत, पण आया त्यांच्याशी बोलत नसत. सुईला घाबरून मुले जंगलात पळत. एका शनिवारी त्या वसतिगृहात आल्या आणि म्हणाल्या, "बेटा, मला तुझी भाषा येत नाही. गाडीत बस, नावे लिही आणि मी काय म्हणते ते त्यांना सांग." त्यांनी माझी समजूत घातली नाही. त्यांना खरोखरच माणूस हवे होते.

त्या दिवशी मी चाळीस-पन्नास नावे लिहिली. एका आईने विचारले, "हे रक्त घेऊन काय करणार?" मी पावरीत सांगितले, "माझेही घेतले होते. माझ्या कळा कशाच्या ते त्यावरून कळले." तिने मुलाचा हात पुढे केला. संध्याकाळी खुबा दुखत होता, पण बऱ्याच महिन्यांनी मला भूक लागली होती.

नवे ध्येय म्हणतात ते मला असे मिळाले. एका रात्रीत काही उजाडले नाही. आधी शनिवारची शिबिरे. मग बारावी विज्ञान. मग तुमच्यापैकी काहींनी पाठवलेल्या मदतीतून प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका. आज मी त्याच दवाखान्यात रक्त तपासते. पहिली चाचणी साधी असते. नळीत द्रावण घ्यायचे, त्यात थोडे रक्त टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पुढची तपासणी, कारण वाहक आहे की रुग्ण हे त्या पुढच्या तपासणीतच कळते.

हा फरक किती मोठा आहे, ते एका मुलीमुळे नीट समजले. एका शाळेने तिला सिकलसेल आहे म्हणून मैदानाबाहेर बसवले होते. कागद पाहिला तर ती फक्त वाहक होती. वाहक मुले सर्वसाधारणपणे निरोगी असतात. पाणी भरपूर प्यावे, भर उन्हात एकदम जोर लावू नये, थकल्यावर थांबू द्यावे, सराव हळूहळू वाढवावा, एवढी काळजी घेतली की ती खेळू शकतात. मी डॉक्टरांचे पत्र घेऊन तीन वेळा त्या शाळेत गेले. तिसऱ्या वेळी तिला मैदानात उतरवले. आता ती ३००० मीटर पळते. आमच्या सरांनी मला त्यांचे स्टॉपवॉच दिले आहे. रविवारच्या उपासनेनंतर मी मैदानाच्या कडेला उभी राहून तिची वेळ घेते. ती पळते तेव्हा मला आनंद होतो आणि थोडे दुखतेही. दोन्ही खरे आहे, आणि देवासमोर दोन्ही सांगायला मला भीती वाटत नाही.

पवित्र शास्त्रातला याकोब मला जवळचा वाटतो. रात्रभर झुंजला आणि त्याच्या जांघेचा सांधा निखळला. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत होता. त्याचे लंगडणे नंतर थांबले, असे कुठे लिहिलेले नाही. पण त्याच दिवशी एसाव चारशे माणसे घेऊन समोर येत होता, आणि बायकामुलांच्या पुढे याकोबालाच चालायचे होते. त्याला आशीर्वाद मिळाला, लंगडणे मिळाले आणि लगेच कामही मिळाले.

आता तुमच्याकडे तीन गोष्टी मागते.

पहिली, तपासणी. देशात २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे आणि २०४७ हे तिचे उद्दिष्ट आहे. सरकार तपासणी करते, पण डोंगरातल्या पाड्यावर समजावून सांगायला त्यांच्या भाषेचा माणूस लागतो. आईबाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी कळले पाहिजे. त्यात लाज नाही, आणि शापही नाही.

दुसरी, औषध. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतले की बहुतेकांच्या कळा कमी होतात. माझ्या झाल्या. पण त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांच्या गोळ्या मध्येच बंद पडतात. त्यांच्यापर्यंत गोळ्या आणि तपासणी पोहोचवण्यासाठी तुमची मदत हवी आहे.

तिसरी गोष्ट पैशाची नाही. तुमच्या मंडळीत, तुमच्या घरात एखाद्या मुलाचे स्वप्न आजाराने मोडले असेल, तर त्याला लगेच अर्थ समजावू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला रडू द्या. आणि जमेल तेव्हा त्याला एक खरे काम द्या, जे तो आला नाही तर अडून राहील. उपकार म्हणून दिलेले काम मुलांना लगेच ओळखू येते. गरज म्हणून दिलेले कामही ओळखू येते.

आमच्या वसतिगृहात आज सिकलसेलची मुले आहेत. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या, रात्रीच्या गरम कपड्यांसाठी आणि गोळ्यांसाठी प्रार्थना करा. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे काम लवकर सापडो, हीही प्रार्थना करा. येत्या शनिवारी आमचे शिबिर डोंगरापलीकडच्या पाड्यावर आहे. नावे लिहायला दोन माणसे कमी आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.