परदेशातील रेसिडेन्सीचा अर्ज आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक कलाप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



प्रदर्शनाची फीत कापून चार गोड शब्द बोलावेत व चहाला जावे, असा शिरस्ता आहे. तो मोडल्याबद्दल आधीच माफी मागतो. आज मला एका अर्जाविषयी बोलायचे आहे. चित्रकाराने परदेशी जाऊन काम करण्यासाठी करावयाच्या अर्जाविषयी.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची युरोपातील अशा एका ठिकाणी निवड झाली. राहायला खोली, कामाला स्टुडिओ, खर्चाला दरमहा रक्कम. पत्राला ठरावीक दिवसांत उत्तर द्यायचे होते. घरात विचारविनिमय सुरू झाला. मामूंना विचारले, कुवेतच्या भावाला फोन झाला. तिचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल तसे." मी म्हणालो, "मुलीचा प्रश्न आहे, घरी नीट विचार करून ठरवा." ते विचार करीत राहिले, मुदत संपली, आणि जागा यादीतल्या पुढच्या नावाला गेली. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांनी मला विचारले होते आणि मला त्या ठिकाणाची पुरेशी माहितीच नव्हती. ती मी नंतर मिळवली. तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

रेसिडेन्सी म्हणजे शाळा नव्हे. तिथे हजेरी नसते, परीक्षा नसते, पदवीही मिळत नाही. शिक्षण पुरे करून काही काळ स्वतंत्र काम केलेल्या कलावंताला ठरावीक मुदतीपुरती जागा, साधने आणि निवांतपणा द्यायचा, एवढाच हेतू. मुदत कुठे सहा आठवडे, कुठे दोन वर्षे. पॅरिसला सीन नदीच्या काठी सिटे इंतरनास्योनाल देझ आर नावाची संस्था १९६५ पासून आहे. तिथे व माँमार्त्र भागात मिळून तीनशेहून अधिक कलावंतांची सोय होते. ॲमस्टरडॅमची राइक्सअकादमी १८७० सालची आहे. आज ती घोडदळाच्या जुन्या बराकीत भरते आणि दोन वर्षांसाठी स्टुडिओ व विद्यावेतन देते. लाकूड, धातू, मातीकाम, छपाई यांच्या कार्यशाळा आहेत आणि तिथे जाणते तंत्रज्ञ मदतीला असतात. दरवर्षी हजारावर अर्ज येतात आणि नव्या जागा वीस-पंचवीस. म्हणून एका नकाराने खचू नये. मलाही नकार आला आहे, त्याची हकीकत पुढे सांगतो.

आपल्या समाजाला हे अगदी नवे आहे असेही नाही. सय्यद हैदर रझा यांचे वडील मध्य प्रांतात जंगलखात्यात रेंजर होते. मुंबईत नोकरी करीत ते चित्रे काढीत. १९४८ साली काश्मिरात त्यांची फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी गाठ पडली. चित्रांत बांधणी कमी पडते, सेझानचा अभ्यास करा, असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला पुष्कळांना मिळतो, पण रझा मुंबईत फ्रेंच भाषेच्या वर्गाला बसले आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. अर्जाच्या आधी त्यांनी भाषा शिकून घेतली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. तय्यब मेहता क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात वाढले, फिल्म संकलनाचे काम करीत. रॉकफेलर निधीच्या फेलोशिपवर १९६८ साली ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांचे वय ४३ होते. परतल्यावर त्यांच्या चित्राची मांडणीच पालटली, कॅनव्हास तिरका छेदणारी रेषा आली.

आणि मुलींचे म्हणाल तर नसरीन मोहम्मदी १९६१ साली शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेल्या, पुढे १९७२ पासून बडोद्याला प्राध्यापक होत्या. अलीगढच्या झरीना हाश्मी गणिताच्या पदवीधर. पॅरिसला त्या हेटर यांच्या छापशाळेत छपाई शिकल्या आणि १९७४ साली लाकडी ठशांचे तंत्र शिकायला जपानला गेल्या.

दोन्ही नावे मी हेतुपुरस्सर घेतली. चित्रकला दीनात बसते का, असे मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारते. मी आलिम नाही, फतवा देणे माझे काम नव्हे. पण चित्रकला म्हणजे माणसाचा चेहराच, हा समज मात्र चुकीचा आहे. नसरीनबाईंच्या कागदांवर शाईच्या आणि पेन्सिलीच्या बारीक रेषांखेरीज काही नसते. झरीनाबाईंचा १९९९ सालचा ३६ छापांचा संच आहे, त्यात घर, उंबरठा अशा शब्दांची चित्रे आणि खाली उर्दू अक्षरे आहेत. ज्यांच्या मनात ही शंका असेल त्यांनी ती चित्रे एकदा पाहावीत.

आता माझी हकीकत. तरुणपणी मी असाच एक अर्ज केला होता. कामाविषयी एक पान लिहायचे होते. मी लिहिले की माझी कला मानवी अस्तित्वाच्या शाश्वत मूल्यांचा शोध घेते. वाक्य एका मासिकातून उचलले होते. वास्तविक मी तेव्हा खाडीवरच्या फुटक्या होड्यांची चित्रे काढीत होतो, कारण आमच्या वाडीतले होड्या बांधणारे एकेक करून आखातात निघून गेले होते. ते लिहायची मला लाज वाटली. फोटोही काचेच्या फ्रेमसकट फ्लॅश मारून काढलेले, निम्म्या चित्रांत माझाच हात दिसत होता. दोन ओळींचा नकार आला, आणि तो योग्यच होता.

म्हणून सांगतो, आपले म्हणणे आधी मराठीत किंवा उर्दूत लिहा. काय करता, कशाने करता, ते करावेसे का वाटते आणि त्या विशिष्ट जागी जाऊनच काय करणार, एवढे आले की पुरे. मग इंग्रजी जाणणाऱ्याकडून भाषांतर करून घ्या, पण त्याला शोभेचे शब्द घालू देऊ नका. निवड करणारे लोक दिवसाकाठी ढीगभर अर्ज वाचतात, उसने वाक्य त्यांना लगेच कळते. दुसरा एक मोह हल्ली फार दिसतो. परदेशी लोकांना मुसलमान चित्रकाराकडून दंगल, बुरखा, अन्याय हेच हवे असणार, असे धरून तसे लिहायचे. तुमच्या कामात ते खरोखर असेल तर अवश्य लिहा. नसेल तर होडीच लिहा.

फोटो दिवसा, सावलीतल्या उजेडात, काच काढून, चित्र सरळ धरून काढावेत. प्रत्येकाखाली साल, माध्यम आणि सेंटिमीटरमध्ये मापे. मागितलेली असतील तेवढीच चित्रे पाठवावीत, आणि चांगली तेवढीच. दहा मागितली म्हणून सहा चांगल्यांत चार भरतीची घातली की सहाचीही किंमत उतरते.

पालकांसाठी पैशाची गोष्ट. अर्जाची थोडी फी काही नामांकित संस्थाही घेतात. परंतु निवड झाल्यावर मोठी रक्कम मागणाऱ्या जागाही रेसिडेन्सी याच नावाने चालतात, त्यांना घरभाड्याचा धंदा म्हणावे. प्रवास, विमा, जेवण, साहित्य यांपैकी काय ते देणार आणि काय आपल्याला, हे लेखी विचारून घ्यावे. कमी पडेल त्यासाठी इनलॅक्स, चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट यांसारख्या संस्था आहेत, त्यांचे नियम स्वतंत्र वाचावेत. एकदम परदेश नको वाटत असेल तर दिल्लीत खिडकी गावात खोज ही संस्था आहे. १९९७ साली मोदीनगरला कार्यशाळेने तिची सुरुवात झाली. तिथेही देशोदेशीचे कलावंत येतात, मुलीला भेटायला रेल्वेने जाता येते.

थोडे कडू बोलतो. एजंटाच्या शब्दावर आपण वीस वर्षांच्या मुलाला आखातात धाडतो. एका खोलीत किती जण झोपतात, पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहतो, हे विचारीत नाही. आणि शतकभर जुन्या संस्थेचे लेखी निमंत्रण मुलीच्या हाती असते, तेव्हा आपल्याला शंभर प्रश्न सुचतात. प्रश्न जरूर विचारा, पण अर्जाच्या आधी. राहण्याची खोली वेगळी आहे का, आधी जाऊन आलेल्या भारतीय मुलीशी बोलता येईल का, आजारी पडली तर काय, हे सारे त्या संस्थेला पत्र घालून विचारता येते. अशा पत्राने अर्जाचे काही बिघडत नाही.

शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिच्यापायी मी माणसे रडकुंडीला आलेली पाहिली आहेत. शाळेच्या दाखल्यावर शेख एका स्पेलिंगने, बारावीच्या गुणपत्रकावर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. कुठे मोहम्मदचा नुसता एम. कुठे वडिलांचे नाव आहे, आडनावच नाही. निवडीचे पत्र एका नावाने येते, पासपोर्ट दुसऱ्या नावाने निघतो, आणि व्हिसाच्या खिडकीपाशी सारे अडते. ही दुरुस्ती निवड झाल्यावर करायला वेळ नसतो. मूल शाळेत असतानाच ती सोपी असते.

मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. येत्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा मी चित्रकलेच्या खोलीत बसेन. ज्यांना अर्ज करायचा असेल त्यांनी आपले लिखाण आणावे, मग ते कितीही कच्चे असो. आणि पालकांनी मुलांचे दाखले, गुणपत्रके, आधार व असल्यास पासपोर्ट घेऊन यावे. नावे एकमेकांशी जुळवून पाहू.