दोरीवरची चक्री



वसंत व्याख्यानमालेच्या मंचावर वेदान्त चालतो, अर्थकारण चालते, इतिहास तर हमखास चालतो. अशा ठिकाणी आम्ही आज एक खेळणे घेऊन उभे आहोत. आणि तेही उणेपुरे पाच तोळ्यांचे! दोन कातीव लाकडी चकत्या, त्यांना जोडणारा एक लाकडी आस आणि त्या आसाला गुंडाळलेली सुती दोरी, एवढाच त्याचा संसार. मुले त्याला यो-यो म्हणतात, आम्ही चक्री म्हणू. ही चक्री कशी निवडावी आणि तिचा आनंद कसा घ्यावा, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान आहे. पण पोराच्या हातात आपण काय देतो, हा प्रश्न लहान नाही.

प्रथम तिचे कुळ पाहू. इसवी सनापूर्वी ४४० च्या सुमाराचे एक ग्रीक पानपात्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यावर एक मुलगा दोरीची चक्री खेळताना रंगविलेला आहे. आपल्या देशात सूरदासांच्या पदांतला बाळकृष्ण यशोदेजवळ भोवरा आणि चकडोरी मागतो. उत्तर भारतातील सुमारे १७७० सालच्या एका लघुचित्रात एक स्त्री मोठ्या डौलाने चक्री खेळत आहे. म्हणजे हे खेळणे केवळ पोरांचे नव्हते, आणि परक्यांचे तर मुळीच नव्हते. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात सरदारदरकदारांना तिचे वेड लागले होते. १९३३ साली सीरियात तर पाऊस लांबला तो चक्रीमुळेच, म्हणून तिच्यावर बंदी आल्याचे वृत्त छापून आले होते. पावसाची वाट पाहणे आपल्या खानदेशालाही चांगले ठाऊक आहे, पण त्याचा दोष आपण अद्याप खेळण्यावर टाकलेला नाही!

यो-यो हे नाव आले फिलिपाइन्समधून. तेथील पेद्रो फ्लोरेस या गृहस्थाने १९२८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा येथे चक्र्यांचा कारखाना काढला. आपण तिचे जनक आहोत असे तो कधी म्हणाला नाही. त्याच्या चक्रीत दोरी आसाला गाठ मारून बांधलेली नसे, आसाभोवती नुसती फाशासारखी सैल घातलेली असे. पुढे डंकन नावाच्या व्यापाऱ्याने तो धंदा विकत घेतला आणि कोट्यवधी चक्र्या खपविल्या. परंतु यो-यो हा शब्द कोणा एकाच्या मालकीचा नाही असा निकाल १९६५ साली अमेरिकन न्यायालयाने दिला, आणि त्याच वर्षी डंकनच्या कंपनीचे दिवाळे वाजले. शब्द लोकांचा झाला, खेळ तर पहिल्यापासून लोकांचाच होता.

आता त्या सैल फाशाचे महत्त्व काय, ते पाहू. दोरी आसाला घट्ट बांधलेली असेल तर चक्री खाली जाते आणि लगेच वर येते. दोरी सैल असेल तर ती खाली जाऊन तेथेच गरगरत राहते. खेळणारे याला चक्री झोपली असे म्हणतात. आपला भोवराही उत्तम फिरू लागला की स्थिर दिसतो, तसेच हे. मग हाताला हलकासा झटका दिला की दोरी क्षणभर ढिली पडते, आसाला पकडते आणि चक्री जागी होऊन मुठीत परत येते. १९८५ साली अमेरिकन अंतराळवीरांनी डिस्कव्हरी यानातून एक चक्री वर नेली होती. तेथे ती सावकाश फेकता आली, परतही आली, पण झोपेना! खाली ओढून धरणारे वजनच नाही, तर ती दोरीच्या टोकाशी टिकणार कशी?

आजच्या नव्या चक्र्यांत आसावर छऱ्यांचे बेअरिंग असते. त्या कित्येक मिनिटे झोपतात आणि त्यांवर दोरीचे थक्क करणारे खेळ करता येतात. त्या कलेला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु लाकडी चक्रीचा आस चकत्यांत पक्का बसविलेला असतो. दोरी त्याच्यावरच घासते. म्हणून ती थोडाच वेळ झोपते. चांगल्या हातात दहा-पंधरा सेकंद झोपली तरी पुष्कळ. तेवढ्या वेळात काय करायचे ते आधी ठरवावे लागते, आणि फेक सरळ नसेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. यंत्र चूक झाकते, लाकूड झाकीत नाही. नवशिक्याने लाकडापासून आरंभ करावा असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आता निवडीकडे वळू. लाकूड वाळलेले हवे, ही पहिली अट. ओल्या लाकडाची चक्री वैशाखात तडकते आणि श्रावणात फुगते. चकतीच्या मधोमध झाडाचा गाभा आलेला असेल तर ती घेऊ नये, कारण भेग तेथूनच निघते. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, तेव्हा लाकडांची नावे आपल्याला परकी नाहीत. साग बेताचा जड असतो आणि हवेप्रमाणे फारसा हलत नाही. पहिल्या चक्रीला तो उत्तम. शिसव जड. तिची चक्री जोराने फिरते, पण बोटाला ओढ देते. हळदूचे लाकूड बारीक पोताचे आणि कातायला गोड. खैर फार कठीण, त्यावर हत्यार बोथटते. आंबा स्वस्त, पण त्याच्या कडा लवकर झिजतात.

दुसरी अट तोलाची. दोन्ही चकत्या एकाच तुकड्यातून कातलेल्या असाव्यात. दोरीवर सोडून पाहावे. डोलली, थरथरली, तर तोल चुकला असे समजावे. वजन मध्यापेक्षा कडेकडे अधिक असेल तर ती जास्त वेळ फिरते. तिसरी अट आसाची. आस गुळगुळीत हवा. तो जाड असेल तर दोरी लवकर पकडते, बारीक असेल तर झोप लांबते. पण फार बारीक लाकडी आस मोडतो. चौथी अट चकत्यांमधल्या फटीची. तीत दोरी सहज फिरावी, पण मोकळी लोळू नये. दोरीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट फट आम्हाला योग्य वाटते.

दोरी सुतीच हवी. घर्षणाने आस तापतो. नायलॉनची दोरी वितळते, सुती टिकते. कापूस पिकविणाऱ्या मुलखाला हे सांगणे नको. एका लांब सुताची घडी घालून पीळ द्यावा, म्हणजे टोकाला आपोआप फासा होतो. चक्री जमिनीवर ठेवली असता दोरी बेंबीपर्यंत यावी. मुलगा वाढेल तशी दोरीही वाढवावी. वरच्या टोकाला सरकगाठ करून ती मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर चढवावी. बोट निळे पडेल इतकी आवळू नये. समोर आणि डोक्यावर कोणी नाही, याची खात्री करावी. मग तळवा वर करून, मनगटाच्या हिसक्याने चक्री बोटांवरून पुढे सोडावी आणि लगेच हात पालथा करावा.

पहिले दोन दिवस ती परत येणार नाही. पालकांनी त्या दोन दिवसांत बोलू नये! पीळ अति बसला की चक्री झोपत नाही, पीळ उतरला की ती परत येत नाही. तेव्हा दोरी बोटातून काढून चक्री खाली मोकळी लोंबू द्यावी, अधिकउणा पीळ आपोआप जुळतो. ही युक्ती मुलाला स्वतःच्या अनुभवाने सापडली, तर ती तो जन्मभर विसरत नाही.

शेवटी एक गोष्ट आमच्या जिवाला लागलेली आहे. कोकणात सावंतवाडीच्या चितार आळीने लाकडी खेळण्यांचे नाव राखले. आपल्या शेजारी, गुजरातच्या छोटाउदेपूर जिल्ह्यात, संखेड्याचे कारागीर फिरत्या सागावर लाख चढवितात. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची होतात. ही गावे टिकली ती केवळ कौतुकाने नव्हे, तर कोणीतरी विकत घेणारे होते म्हणून. ज्या कातारी कारागिराकडून आपण लाटणे आणि पलंगाचे पाय करून घेतो, त्याच्याकडे पोराची चक्री करून मागणारे आपल्यात किती आहेत? त्यासाठी जंगलातले झाड पाडायला नको. दारेखिडक्या करताना उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून दोन चकत्या सहज निघतात. जत्रेतली प्लॅस्टिकची चक्री स्वस्त असते हे खरे. पण ती फुटली की फेकायची. हिची दोरी बदलली, आस बदलला की ही पुन्हा खेळायला तयार.

आणि मुलाला सोबत घेऊन जावे, हे मात्र विसरू नये. लाकूड फिरताना पाहू द्यावे, भुसा अंगावर उडू द्यावा, दोन चकत्या सारख्या होण्यासाठी कारागीर कितीदा थांबून मोजतो ते पाहू द्यावे. पैसे देताना घासाघीस करू नये, कारण मूल तेही पाहत असते. खेळणे कोणीतरी हाताने केलेले आहे हे कळलेला मुलगा ते निराळ्या हाताने धरतो. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या गावांतून पुढच्या दिवाळीपर्यंत अशा पन्नास चक्र्या कातून घेतल्या गेल्या, तर या भाषणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. श्रोत्यांपैकी जे आजोबा आहेत त्यांनी एक जास्तीची करवून घ्यावी. कोणासाठी, ते त्यांनी घरी सांगण्याचे कारण नाही!