निजलेल्या कार्डाचा खर्च



डोंगरमाथ्यावर एक पर्जन्यमापक ठेवला आहे अशी कल्पना करा. दर मिनिटास तो पावसाची नोंद घेऊन मेमरी कार्डावर लिहितो. तेथे विजेची तार नाही. तीन पेन्सिल सेलांवर सारा संसार. चार महिने तिकडे कोणी फिरकावयाचे नाही. सेल मध्येच संपले, तर पुढला पाऊस नोंदीपुरता पडलाच नाही, असे म्हणावे लागेल.

सेलांची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरू. यंत्राचा मेंदू, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, झोपेत २ मायक्रोअँपिअर घेतो. त्याची चिंता नको. खरा खाणारा दुसराच. कार्ड काही न करता नुसते पडून असले, तरी काही कार्डे १ मिलिअँपिअर खातात. म्हणजे २००० तास, अवघे ८३ दिवस! १ जूनला ठेवलेले यंत्र २३ ऑगस्टच्या आत मुके होणार. लिहिण्याचा खर्च तर वेगळाच.

लिहिण्यातही एक गंमत आहे. आपली नोंद १६ बाइटांची, परंतु कार्डाचा व्यवहार ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांनी चालतो. पसाभर धान्यासाठी रोज गाडी जुंपण्यापैकीच हे! म्हणून ३२ नोंदी साठवाव्या आणि एकदम लिहाव्या. एरवी कार्डाची वीजच तोडावी. जागे होऊन लिहिण्यास ५० मिलिअँपिअर अर्धा सेकंद लागले असे धरले, तरी सरासरी १३ मायक्रोअँपिअरच पडते.

मात्र कार्ड ‘काम चालू आहे’ असे सांगत असता वीज तोडली, तर फाइलच बिघडावयाची. शिवाय संदेशाच्या तारांवर दाब राहिला, तर त्या वाटेने कार्ड चोरून वीज पीत राहते. पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे. त्या ताराही शून्यावर आणाव्या लागतात.

आता प्रश्न उरतो तो साठवलेल्या नोंदींचा. साध्या रॅममध्ये त्या ठेवल्या आणि यंत्र अडले, तर अर्ध्या तासाचा पाऊस गेला. आणि ढगफुटीच्या दिवशी नेमका तोच अर्धा तास हवा असतो. आमचे मत असे की, थोडा पैसा अधिक पडला तरी तेथे एफरॅम घालावी. वीज गेली तरी ती विसरत नाही.

कार्ड विकत घेताना वेष्टनावर हा खर्च बहुधा छापलेला नसतो. तेव्हा निवडलेले कार्ड मीटर लावून स्वतः मोजावे, झोपेतही आणि लिहितानाही; आणि कार्डाला मिळणारा दाब २.७ व्होल्टच्या खाली उतरण्यापूर्वीच लिहिणे थांबेल, अशी तजवीज यंत्रात करावी.