अनुदानाचा हिशेब आणि जासईची जमीन

अनुदानित संस्थेच्या हिशेबाला दोन वाचक असायला हवेत: अनुदान देणारे खाते आणि ज्यांच्या नावाने अनुदान आले ती माणसे. खात्याला उपयोगिता प्रमाणपत्र मिळते. मंजूर रक्कम किती, खर्च किती, शिल्लक किती आणि खाली सनदी लेखापालाचा शिक्का. दुसऱ्या वाचकाच्या हाती सहसा काहीच पडत नाही. गावच्या जत्रेचा हिशेब मात्र देवळात मोठ्याने वाचला जातो. मांडववाला, वाजंत्री, नारळ असे करत आकडे येतात आणि नारळांच्या आकड्यावर कोणीतरी हमखास उठून उभा राहतो. त्याच गावातल्या लाखोंचे अनुदान घेणाऱ्या संस्थेला असा खोडकर श्रोता भेटत नाही.

कायद्यांची वाण नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे संस्थेने लेखापरीक्षण करून घ्यायचे आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात जायचा. अनुदान वर्षाला किमान २५ लाख आणि एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल, तर १९७१ च्या कायद्याने महालेखापरीक्षकही हिशेब तपासतात. पण लेखापरीक्षण मुख्यतः कागदाला कागद जुळवते. वर्गात मूल बसले आहे का, हे पावतीवरून कळत नाही.

ते कळले ३ ते ५ ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत. राज्यभर एकाच वेळी शाळांमध्ये मुले मोजली गेली. एकच मूल दोन शाळांत उभे केले जाऊ नये म्हणून बोटांना मतदानासारखी शाई लावली. हजेरीपटावरची सुमारे २० लाख नावे प्रत्यक्षात सापडली नाहीत. पटावरच तुकड्या, शिक्षकांची पदे आणि वेतन अनुदान ठरते. पोषण आहाराचा तांदूळही पटावरच येतो. मोजणीच्या आदल्या दिवसापर्यंत यातल्या कितीतरी शाळांचे कागद चोख होते.

दुसऱ्या वाचकाला हिशेब मागण्याचा हक्क देणारा माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ मध्ये केला, केंद्राचा २००५ मध्ये आला. सरकारकडून ‘भरीव अर्थसाहाय्य’ मिळणारी बिगरसरकारी संस्थाही केंद्राच्या कायद्यात येते. भरीव म्हणजे किती, यावर वर्षानुवर्षे खल झाला. डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात १७ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साहाय्य निम्म्याहून अधिक असलेच पाहिजे असे नाही, आणि ते रोखच असावे असेही नाही. फुकट किंवा मोठ्या सवलतीत दिलेली जमीन हेही भरीव साहाय्य ठरू शकते. शिवाय तिची किंमत केवळ वाटपाच्या दिवसाची धरायची नाही, प्रश्न उपस्थित होईल त्या दिवसाचीही पाहायची.

पनवेल-उरण पट्ट्यात या निकालाला वेगळे वजन आहे. १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी भातशेती व मिठागरे संपादनात गेली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या संपादनाविरुद्ध झालेल्या लढ्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-पागोटे परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून आले. याच संपादित जमिनीतले भूखंड शाळा, महाविद्यालये, रुग्णालये यांना सवलतीच्या दराने भाडेपट्ट्यावर मिळत गेले. संस्थेच्या ताळेबंदात भूखंड जुन्या अधिमूल्याच्या आकड्याने बसलेला असतो. बाजारभाव आणि तो आकडा यांतला फरक हेच खरे अनुदान, आणि ते कोणत्याही उपयोगिता प्रमाणपत्रात येत नाही. रोख अनुदान नाही म्हणून आम्ही खासगी, हा युक्तिवाद त्यामुळे इथे फार लंगडा पडतो.

माहिती अधिकाराच्या चौथ्या कलमात कोणी न मागता जाहीर करायच्या १७ बाबी दिल्या आहेत. कलमाच्या कक्षेत येवो न येवो, सवलतीच्या भूखंडावर उभ्या संस्थेने प्रवेशद्वाराच्या फलकावर एवढे लिहायला हरकत नसावी: भूखंडाचे क्षेत्रफळ, भरलेले अधिमूल्य, पट्ट्यातल्या अटी आणि प्रकल्पग्रस्तांच्या किती मुलांना यंदा प्रवेश दिला.